कळशीतला लेथ

"थांबा, मशीनला इचारतो," असं म्हणून ते फोनचा रिसीव्हर कानावरून काढत आणि चालू लेथपाशी धरत. आवाराच्या पलीकडे, अप्रेंटिसांच्या वर्गात, आम्ही वीसजण गप्प बसून ऐकत असू.

तुमच्यापैकी ज्यांनी चिंचवडच्या कारखान्यांत दिवस काढलेत, त्यांना असा एखादा टर्नर, लेथवर लोखंड कातणारा कारागीर, भेटला असेल. आमचे भाऊ दापोडीहून सायकलवर येत. शिक्षण सातवी. हात असा, की इंजिनिअर लोक त्यांना विचारून ड्रॉइंग बदलत. पण वर्गात शिकवायला डिप्लोमा लागे.

"आणि फोन उचलायला काय लागतं, साहेब?" त्यांनी ट्रेनिंग ऑफिसरांना विचारलं.

साहेबांनी नियम पाहिले. "काही नाही."

आठवड्याभरात वर्गाच्या भिंतीवर फोन लागला.

रिसीव्हर आम्ही पाण्याच्या रिकाम्या कळशीत सोडत असू. आवाज घुमून दुसऱ्या बाकापर्यंत जाई. मागचे पुढे येऊन बसत. मग फोनवर ते विचारत, "काय म्हणतंय मशीन?"

"टूल बोथट झालंय, भाऊ," मी एकदा सांगितलं.

"टूलला आत्ताच धार लावलीय, राव. फीड जास्त हाय, टूल लई भरभर सरकतंय. परत ऐक."

पुढे मी डिप्लोमा केला, नोकरी करत पदवी घेतली. आमच्या घरात पदवी आणणारा मी पहिला, आणि हे मी सांगणारच. त्याच वर्गावर मला नेमलं. भाऊंना पेढे द्यायला गेलो तर म्हणाले, "म्हंजे आता तू आत उभा राहू शकतो?"

"हो."

"बरं झालं. अडलं की फोन लाव."

काही वर्षांनी फोनवरची भाऊंची उत्तरं चुकू लागली. पोरांनी स्क्रूच्या आट्यांचं विचारलं, तर ते म्हणाले, तेल सोडा. माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी कान तपासले असते, तर त्यांना मशीनवरून काढून गेटवर बसवलं असतं. गेटवर लेथ नसतो.

मी दिवसाचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून सकाळीच त्यांच्या खिशात सरकवू लागलो. फोन वाजला की शेजारचा मशीनवाला त्यांच्या खांद्याला हात लावी. पोरं तोच प्रश्न विचारत. ते जरा थांबून बरोबर उत्तर देत. साहेब म्हणाले, हल्ली लाइन फार स्वच्छ आहे. या चिठ्ठ्यांबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

ते रिटायर झाले त्या दिवशीही मी फोन लावला. चिठ्ठीतला प्रश्न झाला, उत्तर आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने पुढे येऊन रिसीव्हर घेतला आणि स्वतःच्या मनाने विचारलं, "भाऊ, उद्यापासून फोन कोण उचलणार?"

हे चिठ्ठीत नव्हतं. 

"थांबा," ते म्हणाले, "मशीनला इचारतो."

पोराने रिसीव्हर कळशीत सोडला. लेथ एका सुरात चालला होता. टूलला धार होती, फीड बरोबर होता. तास संपेपर्यंत फोन कोणी ठेवला नाही.