मावशीची रिकामी फेरी

माझ्या मावशीला घरात सगळे 'नाहीमावशी' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण तिला ते ठाऊक आहे आणि त्याचा तिला चक्क अभिमान आहे. चहा घेणार का विचारलं तरी ती आधी "नाही" म्हणते आणि मग कप पुढे करते. लग्नाला नाही म्हणाली. बढतीला नाही म्हणाली. जिथे उमेदीची सगळी वर्षं घातली ती कंपनी बंद पडली, तेव्हा गप घरी बसायलाही नाही म्हणाली. कंपनीच्या शेवटच्या दिवशी लोक खुर्च्या, पंखे, हाताला लागेल ते उचलून नेत होते. मावशी विणकाम यंत्राचा एक कंट्रोल बॉक्स काखोटीला मारून निघाली. पहारेकऱ्याने हटकलं, "बाई, न्यायचा कागद आहे का?" मावशी "नाही" म्हणाली आणि चालू लागली. तो बिचारा तिच्यासाठी फाटक उघडून उभा राहिला.

तो बॉक्स अजून तिच्या टेबलावर आहे, झाकण काढलेला, पोटातल्या तारा बाहेर आलेल्या. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. खालून हातोडीचे ठोके, वर पंख्याची घरघर, आणि खुर्ची एकच. पाहुणा आला तर त्याने कुठे बसायचं हा पाहुण्याचा प्रश्न.

ती करते काय, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. तुम्हाला लवकर सांगून टाकते. संगणकाच्या पोटात अगदी तळाशी एक मोठा प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर जगतात. मावशीचा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीचे लोक मिळून तो लिहितात, निम्मे तर फुकट. त्याचा बराचसा भाग सगळ्या यंत्रांना सारखाच चालतो, पण प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी थोडा भाग वेगळा लागतो. एकत्र कुटुंबात प्रत्येक जावेला स्वतःची खोली असावी, तसं. त्यातली एक खोली मावशीची. तिच्या त्या बंद पडलेल्या कंपनीच्या प्रोसेसरची. ती तिनेच बांधली आणि आजवर तीच राखते.

त्या खोलीत मुख्य कामं दोन. पहिलं म्हणजे चालू काम मध्येच खाली ठेवून दुसरं उचलायचं, आणि परत आल्यावर पहिलं जिथे सोडलं तिथूनच पुढे न्यायचं. "शिवता शिवता दार उघडायला उठलीस," मावशी मला म्हणाली होती, "तर सुई कुठे टोचून ठेवली हे लक्षात ठेवतेस ना? प्रोसेसरलाही ते शिकवावं लागतं. प्रत्येकाची सुई ठेवायची जागा वेगळी." दुसरं काम म्हणजे सगळं बंद करणं. यावर तिचं ठाम मत आहे. "सुरू काय, कुणीही करतं. बंद करायला अक्कल लागते."

तिच्या बॉक्सचं बंद होणंही तिच्यासारखंच हट्टी आहे. आजकालची यंत्रं आपली वीज आपणच तोडतात. या बॉक्सला ती सोयच नाही. त्याला बाहेरून एक दांडीचा स्विच आहे, तो माणसानेच पाडायचा. म्हणून मावशीचा कोड आधी सगळ्या प्रोग्रॅमना आवरायला सांगतो, जे आवरत नाहीत त्यांना मारतो, मग पडद्यावर 'बंद झालं, स्विच पाडा' असं लिहितो, आणि शेवटी प्रोसेसरला एकाच जागी गोल गोल फिरवत ठेवतो. मावशी त्याला लूप म्हणते, मी रिकामी फेरी म्हणते. त्या फेरीत काहीच घडत नाही. काहीच घडू नये म्हणूनच ती आहे.

आता माझं सांगते, कारण पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. मी मोज्यांच्या कारखान्यात दिवसपाळी सांभाळते. आमची विणकाम यंत्रं याच प्रोसेसरवर चालतात. यंत्राच्या मधोमध मनगट जाईल एवढं पोलादी नळकांडं, भोवती सुयांचं कडं. यंत्र सुरू झालं की ते नळकांडं आपली जागा शोधायला एकदा गर्रकन पुरतं फिरतं. त्या वेळी आत बोट असेल तर बोटाचं काही खरं नाही.

या वर्षी आम्ही नवा कर्नल टाकला. टाकणं भागच होतं. जुन्यातली, चोरांना आत शिरू देणारी भोकं कुणी बुजवत नाही, आणि भोकं असलेलं यंत्र आमची गिऱ्हाइकं त्यांच्या संगणकांच्या जाळ्याला जोडू देत नाहीत. मोज्यांची नक्षी तर त्या जाळ्यातूनच येते. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग फिटरदादांनी सुई बदलायला एक यंत्र बंद केलं, पडद्यावर 'बंद झालं' वाचलं आणि स्विच पाडायच्या आधीच सवयीने हात घातला. यंत्र आपोआप सुरू झालं. फिटरदादांची किंकाळी मी पॅकिंगच्या टेबलापाशी ऐकली. नख गेलं, बोट राहिलं. मालकांनी त्याच दिवशी सगळ्या यंत्रांवर जुना कर्नल चढवला आणि यंत्रं विकायला भंगारवाल्याला फोन लावला.

मी मावशीला बोलावून घेतलं. तिने आधी फिटरदादांना झाडलं, स्विच पाडायला काय हात दुखतात का म्हणून. मग घरी जाऊन तिने कोड उघडला. रिकामी फेरी गायब होती.

कर्नल लिहिणाऱ्यांत एक उत्साही तरुण होता, मावशीने त्याचं नाव 'झाडूवाला' ठेवलं. त्याने सगळ्यांच्याच खोल्या झाडायला घेतल्या होत्या. बाकी ठिकाणी वीज खरोखरच तुटत असल्यामुळे शेवटची फेरी खरंच निरुपयोगी होती. सुक्याबरोबर ओलंही जळलं. 'कुणाची हरकत?' असं त्याने सगळ्यांना विचारलं होतं, पण तेव्हा मावशीच्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती, आणि तिचं मौन म्हणजे संमती, असं धरलं गेलं. माझ्या मावशीचं मौन म्हणजे संमती! तिला एकदाही न भेटलेला माणूसच असं धरू शकतो. फेरी गेल्यावर झालं असं, की बंद करून झाल्यावर प्रोसेसर मागे फिरला, आणि मागे तर सगळे आधीच मारलेले. असा मोकळा संसार बघून कर्नल घाबरतो. घाबरला की तो स्वतःला पुन्हा सुरू करतो.

मावशीने फेरी परत घालायला सांगितली. कर्नलच्या प्रमुखाचं उत्तर आलं, अतिशय सभ्य. चूक झाली, दिलगीर आहोत. पण या निमित्ताने लक्षात आलं की हा प्रोसेसर आता कुणी बनवत नाही, जगात एखादाच कारखाना तो वापरतो, तेव्हा फेरी परत घालण्यापेक्षा अख्खी खोलीच काढून टाकलेली बरी. त्या कोडवर आज खरोखर कोण विसंबून आहे? त्यांच्यात एक रीत आहे. ज्याने खोली राखली त्यानेच ती काढायचा प्रस्ताव आपल्या सहीने पाठवायचा, खाली निरोपाचे चार शब्द लिहायचे, मग सगळे आभाराची पत्रं पाठवतात. मावशीने तसं करावं, अशी विनंती होती.

माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, ते ऐकून विरघळलीच. "ताई, मानाने निरोप देताहेत गं. घेऊन टाक. वय झालं आता."

"मान?" मावशी म्हणाली. "मढ्यालाही हार घालतातच की. म्हणून काय जिवंतपणी तिरडीवर झोपू?"

"अगं, पण ते काढणारच असले तर तुझ्या सहीने काय फरक पडतो?"

"फरक मला पडतो. ज्याला कापायचंय त्याने कापावं, आणि सही त्याने करावी. माझ्याच हाताने माझा गळा? नाही."

त्यांना तिने दोनच ओळी लिहिल्या. सही मिळणार नाही. माझी हरकत आहे, ती लिहून घ्या.

प्रमुखाने कळवलं की हरकतीला भावना चालत नाहीत, पुरावा लागतो. दुरुस्त केलेला कोड खऱ्या यंत्रावर चालवा, बंद करा आणि बंद केल्यावर ते बंदच राहतं हे आम्हाला दाखवा.

इथे पंचाईत होती. मावशीच्या टेबलावरचा बॉक्स बंदच राहत होता, पण त्याला ना नळकांडं ना मोटर. खऱ्या यंत्रावर तो कोड कुणीच चालवला नव्हता, कारण मालक यंत्राला हात लावू देत नव्हते. मी त्यांच्या केबिनमध्ये चार वेळा गेले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक यंत्र घ्या, जेवणाच्या सुट्टीत. भोंगा झाला की संपलं. आणि कुणाचं बोट गेलं तर तुमच्यावर."

दुपारी मुली डबे घेऊन बाहेर गेल्या. शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो: मावशी, मी आणि बोटाला बँडेज बांधलेले फिटरदादा. मी फोन एका खोक्याला टेकवून उभा केला. पडद्यावर प्रमुख आणि त्याच्या शेजारच्या चौकोनात झाडूवाला. झाडूवाला दिसायला अगदीच कोवळा निघाला, आणि बिचारा घामेघूम झाला होता. त्यांची भाषा वेगळी, मला मोडकीतोडकी समजते. इथे आपल्या बोलीत सांगते.

मावशीने नवा कोड चढवला. यंत्र सुरू झालं, नळकांडं गर्रकन फिरलं, सुया वर-खाली नाचू लागल्या. तिने त्याच्यावर कामांचा असा मारा केला की कर्नलला श्वास घ्यायला फुरसत नको: जन्म, मरण, अदलाबदल, पुन्हा जन्म. एक मोजाही विणून काढला. टाका सुटला नव्हता. मग तिने बंद करायचा हुकूम दिला. सुया थांबल्या. 'बंद झालं, स्विच पाडा.'

"आता किती वेळ थांबायचं?" प्रमुखाने विचारलं.

"तुम्ही विचारलं होतं, या कोडवर कोण विसंबून आहे," मावशी म्हणाली. तिने बाही कोपरापर्यंत वर केली आणि उजवा हात, तिचा लिहिता हात, मनगटापर्यंत नळकांड्यात घातला. "बघा."

स्विच वरच होता.

फिटरदादा पांढरे पडले. "मावशी, स्विच! मी पाडतो, थांबा."

"खबरदार हात लावलात तर. स्विच पाडला तर मी सिद्ध काय केलं? भिंतीतली वीज तुटते, एवढंच?"

मी तिला नाही नाही ते बोलले. म्हातारपणी बुद्धी नासली म्हणाले, आईला काय तोंड दाखवू म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त तिचा राग येत होता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. फोनमधून प्रमुख म्हणाला, "बाई, पुरे झालं, हात बाहेर काढा. आपण बोलू."

"बोला की. हात आत असताना कान चालतात माझे."

"असं दडपण आणून निर्णय होत नसतात."

"मी दडपण आणतच नाहीये. खोली ठेवा नाहीतर काढा, भोंगा झाल्याशिवाय हात निघणार नाही. तुम्ही पुरावा मागितला होता, तो चालू आहे."

यंत्राच्या पोटात ती फेरी फिरत असणार, पण तिचा आवाज नसतो. मी सुयांकडे बघत होते. एकदा शेजारच्या यंत्राचा पंखा कुरकुरला आणि फिटरदादांनी डोळे मिटून घेतले. मावशीच्या कपाळावर घाम होता. म्हणजे भीती तिलाही होती. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि तिचा डावा हात धरला. तो गार पडला होता.

"बाई," झाडूवाला हळूच म्हणाला, "ती ओळ मी काढली होती. खोली काढू नये, असं मलाही वाटतं. माझीही हरकत लिहून घ्या." प्रमुख मान खाली घालून काहीतरी लिहू लागला.

भोंगा झाला. मुली बोलत हसत आत येऊ लागल्या आणि दारातच थबकल्या. मावशीने सावकाश हात बाहेर काढला. मनगटावर तेलाचं काळं वळं उमटलं होतं. तिने बोटं उघडून मिटून पाहिली, सगळीच्या सगळी.

प्रमुखाने चष्मा काढून डोळे चोळले. "खोली राहील," तो म्हणाला. "पण बाई, पुन्हा असं करू नका."

मावशीने बाही खाली केली.

"पुन्हा करायला लावू नका," ती म्हणाली.