सवाल भागीरथाबाईचा, जवाब गल्लीचा

भागीरथाबाई गायला बसली की आधी पदर खोचायची, डोळे मिटून बुद्धाचं त्रिशरण म्हणायची आणि मगच नवऱ्याच्या पेटीकडं बघून मान हलवायची. जबलपुरातल्या कांचघरच्या त्या गल्लीत हे साऱ्यांना ठाऊक. एरवी तिचा संसार चारचौघींसारखाच. स्वयंपाक, धुणं, सुनेशी थोडी कुरबूर. पण गळा उघडला की भांडी घासणाऱ्या बायासुद्धा हात तसेच राखेत ठेवून ऐकत बसायच्या.

गाणी तिच्या बापाची. डोमाजी पवनीकडून बिडीच्या कामाला जबलपुरात आला आणि पानं कापता कापता गाणी रचू लागला. अक्षरओळख नव्हती, म्हणून गाणी कधी कागदावर उतरलीच नाहीत. बापाच्या मुखातून लेकीच्या मुखात, एवढाच त्यांचा प्रवास. डोमाजी गेला आणि तो सगळा ठेवा एकट्या भागीरथाबाईपाशी राहिला.

आणि आता तिच्या गळ्याला गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन के बाद आवाज़ बदल सकती है, अम्मा." घरी येताना रिक्षात नवरा, मोतीराम, सोबत होता. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "अवो, गळा जाईन तं जाईन. पण बाबाची गाणी कुठी ठेवू मी?"

मोतीरामनं गाणी टेपवर भरायचं ठरवलं. त्याच्याजवळ त्याचं गाण्याचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे तिघं. पेटीवर तो स्वतः, रिछाईतला कारखाना आणि बदलती पाळी सांभाळणारा. ढोलकीवर रेल्वेतला गुलाबराव. झांजेवर नथ्थू, भाजीचा ठेला लावणारा. एकाला सवड मिळाली की दुसरा कामावर. शेवटी गुलाबरावनं ड्यूटी बदलून घेतली, नथ्थूनं ठेला झाकून ठेवला, आणि ऑपरेशनच्या आधीच्या रविवारची दुपार हाती लागली. गुलाबराव साळ्याचा टेपरेकॉर्डर उपरण्यात गुंडाळून घेऊन आला.

मोतीरामनं गल्लीभर ताकीद दिली. "रेकॉर्डिंग हाय. कोणी हू का चू करायचं नाही!" दाराला गोधडी लावली, खिडकीला सतरंजी. पंखा बंद.

"भाऊ, श्वास घेतला तं चालते का?" नथ्थूनं विचारलं.

"घे. पण एकच घे."

भागीरथाबाईनं त्रिशरण म्हटलं आणि सूर लावला.

"अंधाराच्या बाजारी गं, दिवा घेऊन कोण आला?"

गाणं संपलं तसं मोतीरामनं टेप मागं फिरवून लावला. यंत्रातून आवाज आला आणि भागीरथाबाईनं तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर गायली होती, पण स्वतःचा आवाज बाहेरून तिनं कधी ऐकला नव्हता. "हे मी हाव? हे तं बाबासारखं वाटून राहिलं!" तिनं टेपरेकॉर्डरला हात जोडले.

पण सवाल संपला आणि पुढं नुसती पेटी वाजत राहिली. पुन्हा सवाल, पुन्हा पेटी. सगळं गाणं तसंच, फाटक्या चादरीसारखं.

चौघं एकमेकांकडं बघू लागले. डोमाजीची रीतच तशी होती. गाणारानं सवाल करायचा आणि कानाला हात लावून थांबायचं. जवाब द्यायचा समोर बसलेल्या लोकांनी. "जो इचारते त्यानंच सांगतलं, तं लोक कायले जमले?" असं तो म्हणायचा. आणि मंडळानं लोकांनाच तर गोधडीबाहेर ठेवलं होतं.

"तूच म्हण जवाब," मोतीराम म्हणाला.

तिनं तोंड उघडलं, पण सूर फुटेना. "मी कशी म्हणू? सवाल माया हाय ना."

मग गुलाबरावनं छाती फुगवून जवाब दिला. नथ्थू खो खो हसला. "गुलाबभैया, दिवा वाटून राहिले का माझ्या ठेल्यावर कांदे इकून राहिले?"

ऊन कलायला लागलं होतं. गुलाबरावला संध्याकाळी ड्यूटीवर जायचं होतं. भागीरथाबाई उठली आणि तिनं दाराची गोधडी ओढून खाली टाकली.

बाहेर सारी गल्ली बसलेली. ओसरीवर, पायऱ्यांवर, नळाजवळ. बायांनी पोरांच्या तोंडावर हात धरले होते. हू नाही, चू नाही.

"काहून गं बेबी, इथी काय करून राहिल्या तुमी?"

शेजारची बेबी कुजबुजली, "ऐकून राहिलो ना, मोठीमाय. जवाब मनातल्या मनात देऊन राहिलो."

भागीरथाबाईचे डोळे भरले. "मनात नको देऊ बाई. मोठ्यानं दे."

मोतीरामनं टेपरेकॉर्डर उंबरठ्यावर आणून ठेवला. तिनं सवाल केला, कानाला हात लावला, आणि गल्ली उसळली.

"तथागत आला बाई, मोल न घेता दिला!"

मिश्राजींची म्हातारी, जिला मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं, तीही एकही शब्द न चुकवता म्हणत होती. एकामागून एक गाणी भरली गेली. मध्येच कोणाचं पोर रडलं, सायकलची घंटी वाजली, तेही भरलं गेलं.

शेवटच्या गाण्याला मोतीरामनं पेटीवर सूर धरला आणि भागीरथाबाईनं सवाल उचललाच नाही. सूर पुन्हा फिरून आला.  मोतीरामला वाटलं, गळा आत्ताच गेला की काय! पण ती गल्लीकडं बघत होती, आणि तिनं हात कानाला लावला होता.

क्षणभर कोणालाच उमगेना. मग पायरीवरून बेबीनं घाबरत सवाल उचलला. तिच्यामागून दुसरीनं, मग साऱ्यांनी. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. बापाचं गाणं, तिनं न गाता, तिच्यासमोर उभं राहिलं.

सवाल संपला. गल्ली थांबली. आणि भागीरथाबाईनं, जन्मात पहिल्यांदा, जवाब दिला.