मी बेल उचलला न्हाय

तात्यानं माझ्या तोंडावर मूठभर भंडारा फेकला. डोळ्यांत हळद गेली. आग आग झाली. सगळी गल्ली बघत हुती. एकानंबी पाणी दिलं न्हाय.

तात्या आमचा घरमालक, गल्लीचा पुढारीबी तोच. शेजारचं लेकरू तापानं फणफणलं आन् ह्यानं बोंब ठोकली, "ह्या मायलेकींनी करणी केली." का? तर दर रविवारी आमच्या खोलीत सहा बायका गप बसत्यात. पाद्री न्हाय, गाणं न्हाय. येशूचं नाव मनात. कुणाला आतनं वाटलं तर बोलायचं. एवढंच. गल्लीनं आमचं नावच पाडलंय, मुक्या.

पाटावर बेल-भंडारा मांडला हुता.

"बेल उचलून म्हण, करणी केली न्हाय. न्हायतर खोली खाली कर."

"केली न्हाय," मी म्हणाले.

"बेल उचल की!"

आमी शपथ घेत न्हाय. बेलावर न्हाय, बायबलवरबी न्हाय. शपथेवर तेवढं खरं, मग बाकीचा येळ काय खोटं बोलायचं व्हय? पण तात्या लोकांकडं वळला. "बघा! उचलंना. म्हंजी केलीच की!" माना हालल्या.

तेवढ्यात आईचा हात पाटाकडं गेला. माझ्या आईचा! लहानपणी हिनंच मला क्वेकर लोकांचं सांगितलं हुतं. आमच्यासारखीच गप बसणारी येशूची माणसं. लई वर्षांमागं समुद्रापल्याड अमेरिकेत, गोऱ्यांच्या वसाहतीत त्यांना गाडीला बांधून चाबकानं फोडलं, कान कापले, फासावर दिलं. तरी शपथ घेतली न्हाय. आन् आज तीच म्हणत हुती, "उचलते बाई. म्हातारपणी कुटं जायचं?"

लई राग आला. तात्याचा आला, तिचाबी आला. मी तिचं मनगट धरलं.

"आई, हात माघारी घे."

तिनं घेतला. रडली, पण घेतला.

"तात्या, माझं न्हाय म्हंजी न्हाय," मी म्हणाले. "त्याला बेलाचा टेकू लागत न्हाय."

खोली गेली. गणवेश शिवायची मशीन हातगाड्यावर घालून निघालो. लेकराचा ताप दवाखान्यात उतरला. तात्या "चुकलं" म्हणाय आला न्हाय.

आता होटगी रस्त्याला पत्र्याच्या खोलीत ऱ्हातो. नवा मालक आत्ताच इचारून गेला, "रविवारी काय चालतं हितं?" खरं ते सांगितलं. तात्याची बोंब हितवर आली आन् हितनंबी काढलं तर त्याच्याच दारासमोर रस्त्यावर चटई टाकीन आन् सगळ्यांच्या देखत गप बसंन.

शपथेवर न्हाय सांगत. नुसतं सांगतीय.