बर्फीसाठी पंखा, बाबांसाठी वाघ

पेंचच्या जंगलाच्या दारात जन्म काढूनही बाबांनी वाघ पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर तर अख्खं नागपूर वाघ पाहून आलंय आणि आपणच तेवढे राहिलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारची सफारी ठरवली. (बुकिंग ऑनलाइन, बरंच आधी करा. जिप्सी आणि गाइडचे पैसे वेगळे.) आईला वाघात काडीचा रस नव्हता. तिला परतताना पारशिवनीला मावशीकडे संत्रा बर्फी पोचवायची होती, बस्स.

जबलपूर रस्ता झकास आहे. मनसरला आलूबोंड्यासाठी थांबलो. वर तर्री मागून घ्या, नाकातून पाणी आलं तरी बेहत्तर. उतरताना आई म्हणाली, "पंखा सुरू राहू दे वं. उन्हात बर्फी पाझरते." इंजिन बंद, चावी तशीच, एसीचा पंखा जोरात. आमच्या म्हाताऱ्या बॅटरीला तेवढं पुरलं. खाऊन आल्यावर चावी फिरवली, तर नुसतं टकटक.

"धक्का मारतो," म्हणत बाबा मागे धावले. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, हे मी सांगेपर्यंत ते घामानं चिंब झाले होते. गेटची वेळ टळली की आत सोडत नाहीत. बाबा सारखे घड्याळ बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात तिथं एक वऱ्हाड नाश्त्याला उतरलं. जंपर केबल निघाली ती नेमकी नवरदेवाच्या गाडीत, आणि तिचं बॉनेट शेवंती-गुलाबांनी गच्च चिकटवलेलं.

"बॉनेट उघडलं तं सारं डेकोरेशन जाईन ना!" नवरदेवाचा मामा अडून बसला.

"लगन माह्यं हाय का गाडीचं?" आतून नवरदेव म्हणाला. "उघडा मामा. काकाले वाघ पाहाचा हाय."

फुलं तुटली. लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, एक काळा त्यांच्या मायनसला, उरलेला आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. त्यांची गाडी थोडा वेळ चालू ठेवली आणि आमची खाकरत सुरू झाली. आईनं बर्फीच्या दोन डब्यांपैकी एक फोडून वऱ्हाडाचं तोंड गोड केलं. "आता घरी पोचेपर्यंत बंद करू नका, बॅटरीत जीव नाही," मामांनी बजावलं.

पेंचच्या सिल्लारी गेटवर जिप्सी निघायच्या बेतात होती. पण गेटवरचे गार्ड सुरू गाडी तिथं उभी करू देईनात. "आवाज होते, दूर लावा."

"मी बसतो गाडीत," आई म्हणाली. "तुमच्या वाघाचं मले काय करायचं? बर्फी तरी थंडी राहीन."

गाडी लांब, रस्त्याकडेच्या पळसाखाली लावली, आईला आत बसवलं आणि आम्ही जिप्सीकडे पळालो.

जंगलात चितळ दिसले, नीलगाय दिसली आणि धुळीत पंजाचे ठसे. "आत्ताच गेला," गाइड म्हणाला. "चालते," बाबा म्हणाले, आणि परत येईपर्यंत मागे वळून वळून पाहत राहिले. मला फार वाईट वाटलं.

बाबा गेटवर पाणी प्यायला थांबले, मी गाडीकडे गेले. काचा बंद करून आई खिळल्यासारखी बसली होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"समोरून गेला वं. हळूहळू. माह्याकडे पाहून गेला."

"वाघ?"

"मंग का मांजर? ह्यायले सांगू नको. जिवाले लागन त्यायच्या."

पारशिवनीला मावशीनं वांग्याची भाजी आणि भाकर पोटभर खाऊ घातली. बर्फीचा एकच डबा का, असंही विचारलं. आई वाघाबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिच्या पोटात एवढं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी आल्यावर नवी बॅटरी बसवायला माणूस बोलावला. बाबा अंगणात आले.

"जुनी देऊ नको त्याले."

"काहून?"

"पुढच्या टायमाले तेच लावू. तुह्यी आई जाईन जिप्सीत. मी गाडीत बसतो."

मी आईकडे पाहिलं. ती भलत्याच मन लावून तांदूळ निवडत होती.

"अन् बर्फी घेजो सोबत," बाबा म्हणाले.