न बोलणारं भूत

बहीण गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिच्या दोन्ही मुली, एक नववीतली, एक अकरावीतली, माझ्याकडे शहाद्याला आल्या होत्या. दर आखाजीला मी त्यांच्यासाठी भुताचा बोर्ड गेम आणायचे आणि याही वर्षी त्यांना तोच हवा होता. आदल्या दिवशी दुकानात मी कवटी, थडगं, प्रेत असलेला प्रत्येक खोका परत केला. दुकानदार वैतागला, तर त्याच्यावरच खेकसले. शेवटी नुसत्या जुन्या बंगल्याचं चित्र असलेला खोका घेतला. नियम काही वाचले नाहीत.

सणाच्या सकाळी बहिणीच्या नावाने घागर भरली, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दुपारी जेवणं उरकल्यावर खेळ उघडला. त्यात एकाने भूत व्हायचं होतं. भुताने एक शब्दही बोलायचा नाही, फक्त चित्रांचे पत्ते दाखवून बाकीच्यांना खुणा करायच्या. मुलींवर ती पाळी नको, म्हणून मी घाईने म्हटलं, "भूत मी होते."

धाकटीने माझ्या हातातले पत्ते काढून घेतले.

"तू नको, मावशी. तुन्हा आवाज मन्ही मायसारखा शे. तू बोलत ऱ्हाय."