हसऱ्या बाईचं चित्र

टॅबवरच्या चेहऱ्यावरून भावना ओळखायच्या खेळात हसऱ्या बाईचं चित्र आलं की माझी लेक न चुकता ‘भीती’वर बोट ठेवायची. रडका मुलगा, रागावलेला म्हातारा, खिदळणारं बाळ, सगळे तिला बरोबर ओळखू यायचे. अडायचं ते या एका बाईपाशीच. मी पेशानं मास्तरीण. सोपं उत्तर चुकलेलं मला बघवत नाही.

ऑटिझम असलेली ही माझी सोळा वर्षांची पोर तीन आठवड्यांनी आमच्या किन्हीराजा गावाहून जवळच्या मालेगावच्या कॉलेजात जाणार होती. वर्गातल्या मुली हसून बोलायला आल्या आणि ही घाबरून पळाली तर? म्हणून मी तिला रोज या खेळाला बसवायचे.

खेळ वाशिमच्या थेरपीवाल्या बाईंनी दिला होता. त्याची दुसरी फेरी अशी, की कॅमेऱ्यासमोर आपण चेहरा करायचा आणि खेळ त्यातली भावना ओळखून सांगतो. “पोरीसंग तुमीबी खेळा,” बाई म्हणाल्या होत्या. “तुमचं पाहून शिकन ते.”

रविवारी सकाळी मी तिच्याजवळ बसले. “पाह्य, आनंद असा असते,” म्हणत तोंडभर हसले. टॅब जरा थांबला. मग अक्षरं उमटली: भीती.

मी चष्मा काढला, खिडकी उघडली, पुन्हा हसले. पुन्हा भीती! “डबडं आहे नुसतं!” मी टॅब आपटायच्या बेतात होते, तर लेक टाळ्या पिटायला लागली. “बराबर! बराबर!”

“काय बराबर?”

“पोहरादेवीले तू असंच हासली होती.”

तिथल्या यात्रेत तिचा हात सुटला होता. ती सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सापडल्यावर जमलेल्या बायांनी “पोरगी बोलत काहून नाई?” म्हणून विचारलं, तेव्हा मी हसूनच वेळ मारून नेली. लग्नात, बारशात, दवाखान्यात मी तशीच हसत आले. आतली धाकधूक तिला कळू नये म्हणून हसायचे, आणि तिनं तर सगळं पाहून ठेवलं होतं. ती चुकत नव्हतीच. मीच तिला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

“मंग माह्या तोंडावर आनंद कसा दिसते?” मी विचारलं.

तिनं टॅबचा कॅमेरा माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली,

“मले काय मालूम? तू दाखव ना.”