पंगतीची चाल, सायगॉनचा रस्ता

माझ्या मुलाचं पालुपद एकच : "आई, तू एकटी जाऊ नकोस." सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमधून खाली भाजी आणायला निघाले तरी तेच. पासिर रिसला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माझी एक मैत्रीण राहते. तिच्याकडे जाते म्हटलं की, "शनिवारी मी सोडतो." तो शनिवार तीन वर्षांत चारदा उगवला. पुण्यात मी जन्मभर शाळेत शिकवलं, सायकलवरून सगळं गाव पालथं घातलं, आणि सिंगापुरात माझं पार्सल झालं होतं. इथून उचला, तिथे ठेवा. भांडायचीही सोय नाही. "काळजीपोटी म्हणतो गं," म्हणायचा, आणि ते खरं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

नातीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही व्हिएतनाममध्ये सायगॉनला गेलो. मुलगा, दहा वर्षांची नात आणि मी. सुनेला रजा मिळाली नाही. दोन तासांचं विमान, पण रस्त्यावर आले आणि वाटलं, अगं बाई, काय ही गजबज! फुटपाथवरच चूल, फुटपाथवरच न्हावी, भिंतीला आरसा टांगून दाढ्या चाललेल्या. एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन पोरं आणि मध्ये उभा पंखा. बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर निम्मं शहर कॉफी पीत बसलेलं. काय बघू न् काय नको असं मला झालं.

समोरच्या फुटपाथवर एक बाई घावनासारखं पिवळंधमक काहीतरी घालत होती. मला ते जवळून बघायचं होतं. मध्ये होता रस्ता, आणि रस्त्यात स्कूटरींना खंड नव्हता.

"पुढे सिग्नल असेल, तिथून जाऊ," मुलगा म्हणाला. हिरवा माणूस दिसल्याशिवाय तो रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नाही. मी म्हटलं, "अरे, पुण्याची आहे मी!" आणि पुण्याच्या रीतीने हात पुढे करून, वाहनांना दटावत धावत सुटले. पाचव्या पावलाला बिचकले आणि मागे फिरले. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, त्याच्या टोपलीतली लिंबं रस्ताभर झाली. मुलाने दंड धरून मला ओढलं. "बघितलंस? म्हणून सांगतो ना! चल, हॉटेलवर जाऊ."

"आजी, कॅनॉट लाह," नात म्हणाली. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, "नाही जमणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं नव्हे, अपमानाचं. आता हॉटेलवर परतले, तर घरी मैत्रिणीचं नाव काढायची सोय उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी हलले नाही. बघत उभी राहिले. खांद्यावर कावड घेऊन एक बाई आली, माझ्याच वयाची, दोन्हीकडे फळांच्या टोपल्या. ती धावली नाही, थबकली नाही, मागे तर मुळीच आली नाही. एका चालीने गेली आणि स्कूटरी तिला वळसा घालून गेल्या. हात्तिच्या! ही तर पंगतीत वाढायची चाल. गरम आमटीचं भांडं घेऊन निघालेली बाई मधेच थांबत नाही, मागे पाऊल घेत नाही, कारण मागून भात वाढणारी येत असते. थबकलीस की आमटी कुणाच्या तरी डोक्यावर. लग्नामुंजीत मी आयुष्यभर हेच केलं, आणि इथे हात नाचवत धावले!

ओढणी कमरेला खोचली आणि रस्त्यात उतरले. मुलगा ओरडला, "आई!" मी वळून पाहिलं नाही. पाय एका चालीत. स्कूटरी पुढून गेल्या, मागून गेल्या, एकीचाही धक्का लागला नाही. पलीकडे पाय टेकला तशी मी मोठ्याने म्हटलं, "जमलं!" घावनवाली खुदकन हसली.

वळून बघते तर आमचे चिरंजीव, सिंगापुरातल्या वन-नॉर्थच्या ऑफिसात वीसेक माणसांचे साहेब, एक पाय रस्त्यात, एक पाय फुटपाथवर. नात टाळ्या पिटतेय. काय करता, परत गेले. एका हातात नातीचा हात, दुसऱ्यात त्याचा.

"आई, थांब, ती बस—"

"थांबायचं नाही. मागे यायचं नाही. माझ्याबरोबर चाल."

त्याचा तळवा घामाने चिंब झाला होता. पलीकडे पोचल्यावरही त्याने माझा हात सोडला नाही.

आम्ही स्टुलांवर बसलो. मग कॉफीचा ग्लास माझ्यापुढे सरकवत मुलगा म्हणाला, "आई, उद्या कुठे जायचं?"

तीन वर्षं तो मला सांगत आला होता. आज विचारत होता. मी ऐटीत पाय पसरले आणि म्हटलं, "बघते. ठरवून सांगते तुला."